चरबी किती, यापेक्षा चरबी कशी

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेखानी टिपण आणि त्यासोबत दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. वजनाच्या नेहमीच्या तक्त्यात दोघांच्याही नावापुढे 'प्रमाणात' असाच शेरा पडला असता. पण शरीरातली चरबी मोजणारा स्कॅन काढल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटायच्या आत ते गाठण्यापुरती असते, अशी मिस्कील नोंदही त्या टिपणात होती. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातून निघणारा प्रश्न गंभीर आहे. दोन माणसे काट्यावर सारखीच भरतात, तरी त्यांच्यातल्या एकाला मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त का असावा? 'चरबी जास्त म्हणून' हे उत्तर अर्धेच आहे. अंगाने स्थूल असूनही रक्तातली साखर व्यवस्थित असलेली माणसे आहेत, आणि अंगावर चरबी औषधालाही नसताना ऐन तरुणपणी मधुमेहाने गाठलेलीही आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले संशोधन असे सांगते की चरबी हा एक अवयव आहे. तो प्रथिनांच्या रूपाने मेंदू, यकृत, स्नायू, रक्तवाहिन्या आणि हृदय यांना सतत सूचना धाडत असतो. रोगाचे मूळ या अवयवाच्या वजनापेक्षा त्याच्या बिघडलेल्या कामात जास्त आहे. हा दावा पुराव्यावर कितपत टिकतो, ते तपासून पाहायला हवे.

चरबीला अवयवाचा मान मिळायला बराच वेळ लागला. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ती कित्येक दशके ऊर्जेचा निव्वळ साठा, थंडीपासून बचाव करणारे अस्तर आणि धक्के सोसणारी गादी एवढ्याच नात्याने येत असे. पहिली ठिणगी पडली ती अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत. तिथे १९४९ साली अफाट खाणाऱ्या आणि फुगत जाणाऱ्या उंदरांचा एक वाण निपजला. त्याला 'ओबी' असे नाव पडले. पुढे १९६०च्या दशकात असाच लठ्ठ, पण तीव्र मधुमेह असलेला 'डीबी' हा दुसरा वाण सापडला. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले. 'डीबी' उंदराला धडधाकट उंदीर जोडला, तर धडधाकट उंदराने खाणेच सोडले आणि तो उपासमारीने मेला. 'ओबी' उंदराला धडधाकट उंदीर जोडला, तर 'ओबी'ची खादाडी आटोक्यात आली. यावरून कोलमन यांनी निष्कर्ष काढला की रक्तातून फिरणारा कुठलासा पदार्थ 'पुरे झाले' असे सांगतो. 'ओबी'मध्ये तो पदार्थच तयार होत नाही, आणि 'डीबी'मध्ये तो उदंड असतो पण त्याचे ऐकणारी यंत्रणा नसते. हा पदार्थ प्रत्यक्ष हाती लागायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 'ओबी' जनुक वेगळे काढले. त्या जनुकाबरहुकूम तयार होणारे प्रथिन चरबीच्याच पेशी बनवत होत्या. त्याचे नाव लेप्टिन. साठा किती आहे याची वर्दी हे प्रथिन मेंदूला देते. त्याच्या एकच वर्ष आधी, १९९३ मध्ये, गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवून दिले होते की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन तयार करते आणि ते निष्प्रभ केले की इन्शुलिनचे काम सुधारते. चरबीतून निघणाऱ्या अशा संदेशवाहक प्रथिनांना पुढे 'ॲडिपोकाइन' हे सामाईक नाव मिळाले आणि त्यांची यादी वाढतच गेली.

लेप्टिन सापडले तेव्हा लठ्ठपणाचे औषध हाती आल्यासारखे वातावरण झाले होते. एका अमेरिकी कंपनीने त्याच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलर मोजले. ज्या मोजक्या माणसांच्या अंगात जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही, त्यांच्यासाठी ही आशा अक्षरशः खरी ठरली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतील नऊ वर्षांच्या मुलीचे वजन ९४ किलो होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर वर्षभरात ते १६ किलोंनी उतरले. पण सर्वसाधारण लठ्ठ माणसांवर त्याच सुमारास झालेल्या चाचण्यांत फळ फारच किरकोळ मिळाले. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. या माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हतेच. चरबीच्या प्रमाणात ते वाढलेलेच होते. वर्दी जोरात दिली जात होती, मेंदू तिला दाद देत नव्हता. म्हणजे संदेश देणारे प्रथिन आहे की नाही एवढाच प्रश्न नाही. ते किती, कुणाकडे आणि किती काळ जाते, आणि घेणारा त्याला प्रतिसाद देतो का, या सगळ्यावर परिणाम ठरतो. ही बाब पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावी लागते.

चरबी हा अवयव आहे याचा सर्वांत पक्का पुरावा चरबी वाढलेल्यांकडून आलेला नाही, तो चरबी नसलेल्यांकडून आला आहे. लिपोडिस्ट्रॉफी हा एक दुर्मीळ विकार आहे. त्याच्या तीव्र प्रकारात त्वचेखालची चरबी जवळजवळ नाहीशी असते. हातापायांच्या शिरा आणि स्नायू ठळक दिसतात, माणूस व्यायामपटूसारखा भासतो. चरबी हेच जर रोगाचे मूळ असते, तर अशी माणसे मधुमेहापासून सर्वांत सुरक्षित असायला हवी होती. घडते ते नेमके उलटे. त्यांच्यात इन्शुलिनला तीव्र विरोध निर्माण होतो, यकृत चरबीने भरते, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स भयंकर वाढतात आणि मधुमेह लवकर येतो. प्रयोगशाळेत अशाच चरबीहीन उंदरांना निरोगी उंदरांच्या चरबीचे रोपण केले, तेव्हा त्यांचा मधुमेह आटोक्यात आला. हेच रोपण लेप्टिन न बनवणाऱ्या 'ओबी' उंदरांच्या चरबीने केले, तेव्हा फायदा झाला नाही. साठवायला जागा मिळणे पुरेसे नव्हते. त्या जागेकडून संदेशही यावा लागत होता. माणसांवरही याचा पडताळा आला. २००२ साली लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना लेप्टिन देऊन पाहिले, तेव्हा त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स लक्षणीय उतरली, आणि २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकाराच्या सार्वत्रिक प्रकारासाठी लेप्टिनचेच एक रूप औषध म्हणून मंजूर केले. लठ्ठपणावर न चाललेले औषध चरबीच्या अभावावर चालले, याचे कारण इथे संदेशाचीच खरोखर वाण होती.

दुसरे महत्त्वाचे प्रथिन म्हणजे ॲडिपोनेक्टिन. १९९५-९६च्या सुमारास अमेरिका आणि जपानमधल्या चार गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. लेप्टिनच्या तुलनेत ते रक्तात हजार पटींच्या घरात असते. एक मिलिलिटर प्लाझ्मात साधारण ३ ते ३० मायक्रोग्रॅम. त्याचे वागणे मात्र चमत्कारिक आहे. ते बनते चरबीतच, पण चरबी जसजशी वाढते, विशेषतः पोटातली, तसतसे ते घटते. यकृतात साखर तयार होण्याला ते आवर घालते, स्नायूंना मेदाम्ले जाळायला लावते आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर दाहाच्या पेशी चिकटू देत नाही, असे प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसते. जपानी रुग्णांमध्ये १९९९-२०००च्या दरम्यान असे आढळले की करोनरी विकार आणि टाइप-२ मधुमेह असलेल्यांत त्याची पातळी कमी असते. २००४ सालच्या एका अमेरिकी पाहणीत पुरुषांचे पाच गट पाडले, तेव्हा सर्वाधिक ॲडिपोनेक्टिन असलेल्या गटात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सर्वांत कमी पातळीच्या गटापेक्षा निम्म्याहूनही कमी निघाले. याहून बोलका प्रयोग २००७चा आहे. फिलिप शेरर यांच्या गटाने 'ओबी' उंदरांत जनुकीय बदल करून ॲडिपोनेक्टिन वाढवले. हे उंदीर आपल्या भावंडांहूनही कितीतरी जास्त लठ्ठ झाले, पण त्यांची साखर आणि इन्शुलिन सुधारले. चरबी सगळी त्वचेखाली गेली, यकृतातली कमी झाली, आणि त्या चरबीत दाहही कमी होता. वजन आणि रोग यांची फारकत इतकी स्वच्छपणे दुसऱ्या क्वचितच प्रयोगाने दाखवली असेल.

मग चरबी बिघडते कशी? कणगी पुरेशी मोठी असली तर पीक कितीही आले तरी आत राहते. ती तोंडोतोंड भरली की दाणे घरभर सांडतात. मेदपेशींचेही तसेच आहे. जास्तीची ऊर्जा आली की निरोगी मेदऊती नव्या लहान पेशी तयार करते आणि त्यांत ती साठवते. ही क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. काहींची लवकर संपते. मग आहेत त्याच पेशी फुगत जातात. फुगलेल्या पेशीपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही, काही पेशी मरतात आणि त्यांचा निचरा करायला रक्तातल्या भक्षक पेशी जमतात. २००३ साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिले की अतिलठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीत या भक्षक पेशींचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्या मेलेल्या मेदपेशीभोवती कडे करून बसलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. त्यांच्या संगतीने मेदऊतीचे स्रवणेच पालटते. ॲडिपोनेक्टिन घटते, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ आणि रक्त गोठवण्याकडे कल वाढवणारे पीएआय-१ वाढते. दुसरीकडे न मावलेली मेदाम्ले यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात आणि हृदयाभोवती जाऊन बसतात. पोटातल्या चरबीचे रक्त थेट यकृताच्या शिरेत जात असल्याने तिच्यातली मेदाम्ले आणि प्रथिने आधी यकृतावरच आदळतात. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने सोशीक असते, पोटाच्या आतली नसते, ते यामुळे.

या मांडणीची एक चांगली परीक्षा २००४ साली अमेरिकेत झाली. सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची सुमारे १० किलो चरबी लिपोसक्शनने काढली. इतकी चरबी आहार-व्यायामाने गेली असती तर रक्ताचे अहवाल निश्चित सुधारले असते. पण दहा ते बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा इन्शुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दाहाचे निदर्शक सीआरपी, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा, ॲडिपोनेक्टिन यांत कशातही लक्षणीय फरक नव्हता. शस्त्रक्रियेने काढलेल्या चरबीच्या पेशी कमी झाल्या, पण उरलेल्या फुगलेल्याच राहिल्या, आणि पोटाच्या आतली व यकृतातली चरबी जागच्या जागी राहिली. उपाशी राहून किंवा चालून वजन उतरते तेव्हा आधी या आतल्या चरबीवर आणि पेशींच्या आकारावर परिणाम होतो. वजनाचा आकडा सारखाच घटला तरी तो कसा घटला यावर फळ ठरते, ते यामुळे.

हृदयापर्यंत हा बिघाड अनेक वाटांनी पोहोचतो. रक्तात फिरणाऱ्या इंटरल्युकिन-६चा मोठा वाटा चरबीतून येतो. त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवते, आणि सीआरपी वाढलेल्या माणसांत हृदयविकाराचे झटके जास्त येतात हे आता सर्वमान्य आहे. मेदऊती अँजिओटेन्सिनोजनही तयार करते. रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची ती पहिली कडी. लेप्टिन भूक आवरताना मेंदूमार्फत सिम्पथेटिक मज्जासंस्थाही चेतवते. भुकेच्या बाबतीत मेंदू त्याला दाद देईनासा झाला तरी रक्तदाबाच्या बाबतीत देतच राहतो, असे दिसते. लेप्टिन जन्मतःच नसलेली माणसे प्रचंड स्थूल असूनही त्यांचा रक्तदाब कमीच राहतो, हे २०१४ साली नोंदवले गेले. लठ्ठपणामुळे वाढणाऱ्या रक्तदाबात लेप्टिनचा हात आहे, याला यापेक्षा बोलका पुरावा मिळणे अवघड. शिवाय हृदयाला स्वतःची अशी चरबी आहे. ती हृदयस्नायूला आणि करोनरी रक्तवाहिन्यांना चिकटून असते, मध्ये कोणताही पडदा नसतो आणि रक्तपुरवठाही सामाईक असतो. २००३ साली बायपासच्या रुग्णांमध्ये हृदयावरच्या चरबीची तुलना त्याच रुग्णांच्या पायाच्या त्वचेखालच्या चरबीशी केली गेली. हृदयावरच्या चरबीत दाहाची प्रथिने कितीतरी जास्त होती, आणि त्याचा रुग्णाच्या वजनाशी किंवा रक्तातल्या पातळीशी मेळ नव्हता. नेहमीच्या रक्ततपासणीत न दिसणारी ही घडामोड रक्तवाहिनीच्या भिंतीशेजारीच चालू असते. हृदय आकुंचन नीट पावते पण शिथिल होताना ताठर राहते, अशा प्रकारचे हार्ट फेल्युअर स्थूल माणसांत फार आढळते. मिल्टन पॅकर यांनी २०२५ साली या विकाराचे मूळ ॲडिपोकाइनच्या बिघाडात असल्याचा सिद्धांत मांडला आहे. तो अजून सिद्धांतच आहे. पण २०२४ मध्ये वजन उतरवणाऱ्या तिर्झेपटाइड या औषधाच्या ७३१ रुग्णांवरच्या चाचणीत अशा स्थूल रुग्णांतला हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावण्याचा धोका ३८ टक्क्यांनी घटला, हा त्याच दिशेने जाणारा पुरावा म्हणता येईल.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळे सहसंबंध आहेत. एक वाढते तेव्हा दुसरे वाढते, म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण होत नाही. ॲडिपोनेक्टिनबाबत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. ज्यांना हार्ट फेल्युअर झालेले आहे, अशा रुग्णांत ॲडिपोनेक्टिन जास्त असेल तर मृत्यूचा धोका उलट जास्त निघतो. हृदयावरच्या ताणामुळे स्रवणारी प्रथिने मेदपेशींकडून ॲडिपोनेक्टिन काढून घेतात आणि शरीर झिजू लागले तरी ते वाढते, हे त्यामागचे एक कारण. आणखी असे, की ज्यांच्या जनुकांमुळे जन्मभर ॲडिपोनेक्टिन जास्त राहते, त्यांना करोनरी विकार कमी होतो असे काही मोठ्या जनुकीय पाहण्यांत दिसले नाही. म्हणजे माणसात ॲडिपोनेक्टिन हे मुख्यतः मेदऊतीच्या प्रकृतीचे निदर्शक असावे, संरक्षक असलेच तर मर्यादित. पण यामुळे मूळ दावा ढासळत नाही, उलट नेमका होतो. त्याच जनुकीय पद्धतीने वेगळा प्रश्न विचारला, तेव्हा ठाम उत्तर मिळाले. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी इन्शुलिन-विरोधाशी जोडलेली ५३ जनुकीय ठिकाणे शोधली. ती बाळगणाऱ्यांना मधुमेह आणि करोनरी विकार जास्त होत होता, आणि त्यांच्या पायांवर-नितंबांवर चरबी कमी होती. म्हणजे ज्यांना सुरक्षित जागी चरबी साठवता येत नाही, त्यांना रोग होतो. तसेच, ज्यांच्या जनुकांमुळे इंटरल्युकिन-६चा निरोप सौम्य पोहोचतो, त्यांना करोनरी विकार कमी होतो, हेही २०१२ मध्ये दिसले. एखादे प्रथिन कारण नसून निदर्शक निघाले, म्हणून अवयवाचा बिघाडच खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा : हे संदेश खरेच इतके महत्त्वाचे असतील तर त्यांच्यावर बेतलेली औषधे का चालली नाहीत? टीएनएफ-अल्फा रोखणारी औषधे संधिवातावर उत्तम चालतात, पण लठ्ठ मधुमेहींना दिली तेव्हा इन्शुलिनचे काम सुधारले नाही. व्हिस्फॅटिन नावाच्या नव्या ॲडिपोकाइनवरचा २००५चा गाजलेला शोधनिबंध दोन वर्षांनी मागे घ्यावा लागला. या क्षेत्रात उत्साहाचा भर बराच होता, हे मान्यच करायला हवे. उंदरांत जे दिसते ते माणसात तसेच्या तसे उतरत नाही, हेही. रेझिस्टिन हे प्रथिन उंदरांत मेदपेशी बनवतात, माणसात मुख्यतः भक्षक पेशी. पण दाह रोखण्याने हृदयाला फायदा होतोच नाही, असे म्हणता येत नाही. २०१७च्या कँटोस चाचणीत झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचे प्रथिन रोखणारे औषध तपासले गेले. कोलेस्टेरॉल जसेच्या तसे राहिले, तरी मधल्या मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र थोडे वाढले आणि औषध या कारणासाठी बाजारात आले नाही. यातून निघणारा धडा असा की एखादा संदेश गळा धरून थांबवणे हा उपाय महाग आणि धोक्याचा आहे. संदेश बिघडवणारा अवयव सुधारला तर सगळेच संदेश एकदम सुधारतात.

तिसरा आक्षेप सर्वसामान्य वाचकाच्या मनात येणारा आहे. चरबी 'चांगली' असेल तर लठ्ठ असायला हरकत नाही, असा याचा अर्थ होतो का? नाही. युरोपातल्या दहा देशांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थूल पण साखर-रक्तदाब-कोलेस्टेरॉल व्यवस्थित असलेल्यांना करोनरी विकाराचा धोका सडपातळ निरोगी माणसांपेक्षा पाव भागाने जास्त होता. तो शून्य नव्हता. पण त्याच अभ्यासात वजन प्रमाणात असून चयापचय बिघडलेल्यांचा धोका दुपटीहून अधिक होता. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. लठ्ठपणा मेदऊतीवरचा भार आहे; तो किती काळ पेलता येतो हे ज्याच्या त्याच्या क्षमतेवर अवलंबून आहे, आणि ज्याची क्षमताच तोकडी, तो कमी वजनातही कोसळतो. २०२३च्या सिलेक्ट चाचणीनेही याला पुष्टी दिली. मधुमेह नसलेल्या पण हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल माणसांत सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाने झटके-पक्षाघातांचे प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. पुढच्या विश्लेषणात दिसले की हा फायदा किती किलो उतरले यावर फारसा अवलंबून नव्हता, मात्र त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कमरेचा घेर घटण्याशी जोडता येत होता.

आपल्याकडे या सगळ्याचे महत्त्व अधिक आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने केलेल्या पाहणीत नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे पोटात आणि स्नायूंत कमी भरली, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी राखली होती. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना केली, तेव्हा वजनाने हलकी असूनही आपल्या बाळांत इन्शुलिन जास्त निघाले आणि लेप्टिन कमी नव्हते. बारीक दिसणारे शरीर आतून चरबीचे असण्याची ही ठेवण जन्माआधीच पडायला लागते, आणि आईचे पोषण हा तिचा एक धागा आहे. पुढे खाणे वाढले आणि हालचाल घटली की अशा शरीराची सुरक्षित साठवण लवकर संपते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कमरेच्या घेराची रेषा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर ठेवली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. त्याच पाहणीत बीएमआयवरून लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेरावरून लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. या दोन आकड्यांतल्या फरकात वजनकाट्याला न दिसणारी कोट्यवधी माणसे आहेत.

यातून निघणारे निर्णय साधे आहेत. ॲडिपोकाइनच्या महागड्या तपासण्या करून घेण्याची सर्वसामान्यांना गरज नाही. लेप्टिन-ॲडिपोनेक्टिनच्या आकड्याने उपचार बदलत नाहीत. लेप्टिन वाढवणाऱ्या किंवा 'सुधारणाऱ्या' गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. लेप्टिन हे प्रथिन आहे, गोळीतून पोटात गेले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते. कमरेचा घेर मात्र प्रत्येकाने मोजावा, आणि तो पँटच्या मापावरून ठरवू नये, कारण पँट पोटाखाली बांधली जाते. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरून, सहज श्वास सोडल्यावर मापावे. घेर रेषेपलीकडे असेल, किंवा घरात मधुमेह असेल, तर वजन कितीही असले तरी साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि यकृत तपासून घ्यावे. आणि व्यायामाने काटा हलला नाही म्हणून तो सोडू नये. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी आहार आणि चालणे सुधारले तेव्हा तीन वर्षांत त्यांचा मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि वजनात म्हणण्यासारखी घट झाली नव्हती. काट्याला दिसले नाही ते काम मेदऊतीत, यकृतात आणि स्नायूंत झाले होते. तेव्हा वजन उतरले तर उत्तमच. पण न उतरले तरी रोजचे चालणे चुकवू नका.